भुकेला एक अक्षर जास्त

स्काला आम्बेली, ३ ऑगस्ट

ताई,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. मिल्तोसच्या फोनवरून लावला तर त्यालाही केलंस, आणि माझा नवरा तर बिचारा आयुष्यात कुणाशी भांडलेला नाही. म्हणून पत्र. पोस्टमनला अजून तरी ब्लॉक करता येत नाही. फाडायचं तर फाड, पण तुमच्या स्टुटगार्टमध्ये कागदाचा डबा वेगळा असतो ना, तिथपर्यंत जिना उतरताना वाच.

आम्ही आलोय. दर उन्हाळ्यासारखं आर्गिरोमावशीकडे भाड्यानं, तीच वरची खोली, तीच खाट, जिच्यावर कूस बदलली की खालच्या मजल्यावर कळतं. मला यायचं नव्हतं. बाबांशिवाय हा पहिला उन्हाळा. पण मिल्तोस म्हणाला, "तुझ्या बापाला कळलं की आपण या वर्षी समुद्र चुकवला, तर तो वरून खाली येऊन तुझ्या सलूनच्या काचेवर टकटक करेल." आले मग. सलूनला कुलूप लावून, पिरेयस बंदरातून बेटावर येणारी रात्रीची बोट पकडून.

बाबांचा कॅमेरा आणलाय. तो पिवळा, पाण्यात चालणारा, तू त्यांच्या पंचाहत्तरीला पाठवलेलास. (बघ, तुझं चांगलंही लिहितेय.) त्यात मागच्या उन्हाळ्याचे फोटो तसेच आहेत. काल बसून सगळे पाहिले. हात काही सुधारला नव्हता हं त्यांचा! माशांची शेपटं, स्वतःचा अंगठा, स्वतःच्याच पायातला पोहायचा फ्लिपर. आठवतं, तू अल्बमवर 'शेपटांचं प्रदर्शन' असं लिहून ठेवलंस आणि ते आठवडाभर रुसून बसले होते? पण मागच्या वर्षी तर कहर आहे. एकामागून एक फोटोत नुसतं ऊन. सूर्य सरळ भिंगात, सगळं पांढरंफटक, आणि मधे काहीतरी काळं, वल्ह्यासारखं उभं. ट्रॉलीबस चालवणारा माणूस, ऊन डोळ्यांवर आलं की झापड खाली ओढायची हे ज्याच्या हाताला झोपेतही कळायचं, त्याला एवढं समजू नये? मिल्तोस म्हणाला, तेव्हाच डोक्यात काहीतरी व्हायला लागलं असेल. मी हो म्हटलं, आणि मग मला जेवण गेलं नाही.

जेवण. आता तेच लिहायला बसलेय, तर लिहूनच टाकते.

बाबांना पुरल्यावर आपण सगळे जेवायला बसलो होतो. माशाचं सूप वाढलं होतं. तू चमचा उचललास, खाली ठेवलास आणि आत्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "मी कशी जेवू? हिनं माझ्या बापाला उपाशी मारलं." ज्या घरात आजी जमिनीवर पडलेला पावाचा तुकडा ओठांना लावूनच उचलायची, कारण युद्धात तिनं पाव न मिळून माणसं मेलेली पाहिली होती, त्या घरात तू हे वाक्य बोललीस.

तुला ठाऊक होतं, डॉक्टरनी तोंडानं काही द्यायला सक्त मनाई केली होती. झटक्यानंतर त्यांना गिळता येत नव्हतं, घास श्वासनळीत गेला असता. नाकातल्या नळीनं पोट भरत होतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं, रडत सांगितलं, ओरडून सांगितलं. तू म्हणालीस, "मग ते दिवसभर पीना, पीना का करत होते?"

करत होते. सगळे शब्द गेले होते आणि तेवढा एक राहिला होता. पीना. भूक. मी त्यांच्या उशाशी बसून ऐकायची आणि 'हो बाबा, हो' म्हणायची. मग कॉरिडॉरमध्ये जाऊन मशीनमधली चीज भरलेली तिरोपिता खायची, तोंड पुसायची आणि परत आत यायची. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. मिल्तोसलाही नाही.

तू जे सगळ्यांसमोर म्हणालीस ना, ते मी स्वतःला रोज म्हणते. फरक एवढाच की मला कुणाला ब्लॉक करता येत नाही. मला फक्त एवढं कळायला हवंय की बाबा भुकेले गेले का. दुसरं काही नको. माफीही नको.

मेरोपी


स्काला आम्बेली, ६ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी लगेच पेटीत टाकणार आहे. थंड झाले की टाकणार नाही, म्हणून.

आधी चांगलं सांगते. मी पाण्यात उतरले. बाबांचाच मास्क, बाबांचीच श्वास घ्यायची नळी, बाबांचे फ्लिपर (त्यात माझी अडीच पावलं मावतात). मास्कच्या काचेवर थुंकून चोळायचं हे आठवलं, धुवायचं विसरले, आणि पहिली दहा मिनिटं सगळा समुद्र लाळेतून पाहिला. नंतर दिसायला लागलं. खाली हिरवं गवत सगळं एकाच बाजूला झुकतं आणि एकाच वेळी परत येतं. पट्ट्यांचे चपटे मासे येऊन काचेत बघतात. काट्यांचे काळे गोळे प्रत्येक फटीत. मी फोटो काढले, ताई, आणि त्यात सगळ्यांची शेपटं आली! मासा दिसतो हाताच्या अंतरावर, बटण दाबेपर्यंत तो आपल्या घरी. पाण्याखाली वस्तू जवळ वाटते, असते लांब. माझा लाल पोहण्याचा पोशाख फोटोत चॉकलेटी दिसतो. आपण दोघी बाबांना किती हसलो, आणि ही कला काय चीज आहे ते आता कळतंय.

आणि बुडी तर मला मारताच येत नाही. डोकं खाली घातलं की पाठचा सगळा ऐवज वर राहतो. मिल्तोस छत्रीखाली शब्दकोडं सोडवत ओरडतो, "मेरोपी, कुणाचा बोया सुटलाय का गं?" किनाऱ्यावरची बाकीची माणसंही हसतात. हसू देत.

आता ऐक.

आज दुपारी पाण्यातून बाहेर आले, भूक लागली होती, किती दिवसांनी खरी भूक. आर्गिरोमावशींनी तळलेल्या सार्डिन आणल्या, भोपळ्याची भरलेली फुलं आणली, समोर खुर्ची ओढून बसल्या. मी पहिला मासा तोंडात घातला आणि त्या म्हणाल्या, "काय गं पोरी, बापाची पीना बघून आलीस की नाही?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कानात पाणी होतं.

"काय म्हणालात, मावशी?"

"पीना गं, तुझ्या बापाची! मागच्या वर्षी म्हातारा दिवसभर तेच घेऊन बसला होता. म्हटलं लेकीला दाखवलं असेल तर—"

बापाची भूक. बघून आलीस का. दिवसभर तेच घेऊन बसला होता.

ताई, मला पुढचं नीट आठवत नाही. मिल्तोस म्हणतो, मी उभी राहिले, खुर्ची पडली, आणि मी त्या पंचाहत्तरीच्या बाईला, जिनं आपल्या दोघींना पोहायला शिकवलं, सरळ 'तू' म्हटलं. "लाज नाही वाटत तुला? मेलेल्या माणसाच्या भुकेची चेष्टा करतेस? चेटकीण!" ताट खाली गेलं. अंगणातल्या मांजरांचा सण झाला. आर्गिरोमावशी तोंड उघडं टाकून बघत राहिल्या आणि मी वर येऊन दार आपटलं.

तर आता सांग. तूच सांगितलंस ना तिला? स्टुटगार्टहून खास फोन करून? अथेन्समध्ये आत्या माझ्याकडे केस कापायला येत नाही, शेजारीण जिन्यात नजर चुकवते, ते पुरलं नाही? एक बेट उरलं होतं, जिथं मी बाबांची मुलगी होते आणि बाकी कुणी नव्हते. तेही घेतलंस.

मेरोपी


स्काला आम्बेली, ७ ऑगस्ट

ताई, ताई, ताई,

कालचं पत्र आलं असेल तर वाचू नकोस. वाचलं असशील तर विसर. मी सकाळी उठून पोस्टाच्या पेटीत हात घालून ते काढायला गेले होते, मनगटापर्यंत गेला आणि अडकला. दोन जर्मन मुली फोटो काढत होत्या. तुझ्या ओळखीच्या निघाल्या तर सांग की ती बाई वेडी नाही.

झालं असं. मी पेटीतून हात सोडवून परत आले तर अंगणात आर्गिरोमावशी बसलेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. उठल्या, आत गेल्या, आणि कोपरापासून बोटांपर्यंत लांब असा एक तपकिरी शिंपला आणून टेबलावर धाडकन आपटला. आत मोत्यासारखा चमकणारा, बाहेरून खरखरीत.

"ही!" त्या म्हणाल्या. "ही पीना! शिंपला! भूक नव्हे, गाढवे!"

मी खाली बसले.

तुला आठवतंय ना, तुझा सहावीतला निबंध? 'आमच्या आजोबांनी युद्धात फार पीना सोसली.' तू भुकेच्या पीनातलं एक अक्षर खाल्लंस, आणि बाईंनी सगळ्या वर्गापुढे वाचून दाखवलं की पोलिक्सेनीच्या आजोबांनी युद्धात फार शिंपले सोसले. तू दोन दिवस शाळेत गेली नव्हतीस. तेव्हा बाबांनी तुला मांडीवर बसवून सांगितलं होतं, बोलायला दोन्ही सारखेच गं, लिहायला भुकेला एक अक्षर जास्त.

मी विचारलं, "पण मावशी, पीना तर सगळ्या मेल्या ना?" मागे रोग आला आणि समुद्रातल्या सगळ्या पीना उभ्याच्या उभ्या मेल्या, हे बाबांनीच सांगितलं होतं. किती हळहळले होते तेव्हा.

"मेल्याच. ही माझ्याकडची त्या मेलेल्यांतलीच. पण तुझ्या बापाला मागच्या उन्हाळ्यात एक जिवंत सापडली. काळ्या खडकापलीकडे. धावत आला बघ, फ्लिपर घातलेलेच, बदकासारखा, सगळ्या अंगणात पाणी. म्हणाला, आर्गिरो, एक आहे! एक जिवंत आहे! आणि लगेच थू थू थू केलं, स्वतःचीच दृष्ट लागू नये म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? मी तर इथंच होते की मागच्या वर्षी, आठवडाभर!"

"कुणालाच सांगायचं नाही म्हणाला. गावात कळलं की बोटी येतील, नांगर पडेल, नाहीतर कुणी तरी उपटून नेऊन दिवाणखान्यात ठेवेल. मी म्हटलं, मुलींनासुद्धा नाही? तर म्हणाला, मुलींना चांगला फोटो दाखवूनच सांगणार. नाहीतर थोरली परत प्रदर्शन भरवील."

हे मी तुला टोचायला लिहीत नाही, ताई. त्या हसत सांगत होत्या, आणि तेही हसतच म्हणाले असणार. पण मी काही लपवणार नाही असं ठरवलंय.

आता नीट वाच. दवाखान्यात ते 'पीना' म्हणायचे तेव्हा डाव्या हातानं काय करायचे? उजवा तर गेलाच होता. डावा हात चादरीवरून हळूच असा सरकवायचे, आणि मग बोटं मिटायचे. सगळी एकदम, टोकाला टोक लावून. मी म्हटलं घास. नर्स म्हणाली घास. तूही म्हणालीस, बघ, घास मागतात.

मी मावशींना विचारलं, जिवंत पीना ओळखायची कशी? त्यांनी नुसता हात टेबलावरून सरकवला, सावली पडेल असा, आणि दुसऱ्या हाताची बोटं मिटून दाखवली. "सावली पडली की मिटते. मेलेली उघडीच राहते."

ताई, अगदी तसाच. हुबेहूब तो हात.

मी मावशींच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाल्या, "चेटकीण म्हणालीस मला. ताटाचं काय ते बघू नंतर."

पण नंतर वर खोलीत आल्यावर मनात आलं, मला हे हवं आहे म्हणून तर दिसत नाही ना? बुडणाऱ्या बाईला काहीही दोरीसारखं दिसतं. मावशींनी ती पीना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्या आता गुडघ्यापलीकडे पाण्यात जात नाहीत. म्हाताऱ्या माणसाला भास झाला असेल. मिल्तोसही तेच म्हणतो, हळू आवाजात.

म्हणून मी ती शोधणार. ती तिथं असेल आणि मिटत असेल, तर बाबा तिच्याबद्दलच बोलत होते. नसेल, तर तुझंच खरं.

मेरोपी


स्काला आम्बेली, १२ ऑगस्ट

ताई,

सोबत दोन फोटो आहेत. ते आत्ता बघू नकोस, आधी वाच. (बघितलेस ना? मला ठाऊक होतं.)

काळ्या खडकापलीकडे पाणी दोन पुरुष खोल आहे. गवताच्या मधे वाळूचे तुकडे, आणि त्यात पीना उभ्या. कितीतरी. कबरस्तानात जसे दगड उभे असतात तशा, सगळ्या आ वासून, आत गाळ आणि एखादा छोटा मासा भाड्यानं राहिलेला. पहिल्या दिवशी मी नुसतीच वर तरंगत फिरले आणि रडकुंडीला आले. मास्कच्या आत रडू नये, ताई. पाणी तिथंच साचतं आणि मग आतूनही समुद्र, बाहेरूनही समुद्र.

दुसऱ्या दिवसापासून शहाणपणानं घेतलं. सूर्य पाठीशी ठेवायचा आणि प्रत्येकीवरून आपली सावली न्यायची. माझी सावली आता बऱ्यापैकी मोठी आहे, त्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. एकीवरून, दुसरीवरून, तिसरीवरून. काही नाही. मिल्तोस किनाऱ्यावरून टॉवेल हलवायचा, म्हणजे जेवायला ये. मी जायची नाही. तो कंटाळून शेवटी स्वतःच पाण्यात आला, शब्दकोड्याचा माणूस, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडला, "सापडली का?" त्यानं असं विचारलं ना, की मला तो लग्नानंतर परत आवडला.

आणि काल सापडली. गवतात अर्धी लपलेली, बाकीच्यांपासून बाजूला. माझी सावली तिच्यावर गेली आणि ती मिटली. सावकाश नाही गं, पटकन, कुणी अंगावर आलं की आपण अंगाशी शाल ओढतो तशी. मी नळीतून ओरडले, "पीना!" आणि भसकन पाणी प्यायले. मिल्तोसला ते शेळीच्या ओरडण्यासारखं ऐकू आलं, त्याला वाटलं मी बुडाले. तो पोहत आला! मिल्तोस! मग आम्ही दोघं तिच्या वर तरंगत राहिलो, हात धरून, सावली बाजूला ठेवून. बराच वेळ काही झालं नाही. मग तिची फट हळूहळू उघडली आणि काठाला आतली कातडी दिसली, ओली, जिवंत.

मग फोटो. आणि आता बाबांचं ऐक.

पाण्याखालच्या फोटोचा पहिला धडा कोणीही सांगेल: सूर्य पाठीमागे ठेवा. नाहीतर सगळं पांढरं. मी तसंच केलं. सूर्य पाठीमागे म्हणजे सावली पुढे, सावली पुढे म्हणजे तिच्यावर, आणि फोटोत काय, तर मिटलेला शिंपला. मेलेला की जिवंत, कोण सांगणार? उघडी हवी असेल तर एकच रस्ता. बुडी मारून सूर्याकडे तोंड करायचं. ऊन डोळ्यांत घ्यायचं, भिंगात घ्यायचं, फोटो बिघडू द्यायचा, पण सावली तिच्यावर पडू द्यायची नाही.

म्हणजे ते सगळे पांढरेफटक फोटो, ताई! मधे वल्ह्यासारखं काळं काहीतरी! आम्ही म्हटलं म्हाताऱ्याचं डोकं गेलं. डोकं कसलं जातंय, त्यांचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा ठिकाणावर होतं. दिवसभर त्या वयात पाण्यात लटकून ते तिला त्रास न देता तिचा फोटो मिळवायला बघत होते. मी खोलीत येऊन ते फोटो परत पाहिले. एकेक. काही इतके सुंदर आहेत, तुला सांगते. ऊन वरून उतरतंय आणि ती त्यात उभी आहे.

सोबतचा मिटलेला फोटो माझा. उघडा त्यांचा, सगळ्यांत कमी बिघडलेला. मितिलिनी शहरात जाऊन छापून आणले. दुकानदार म्हणाला, "बाई, हा तर जळलाय, पैसे फुकट जातील." मी म्हटलं, छाप तू.

पण ताई, आता एक खरं सांगते, कारण नाही सांगितलं तर झोप लागणार नाही. ती आहे, ती मिटते, बाबा तिच्याबद्दल बोलत होते हे मला आता पटलंय. पण माणूस शिंपल्याबद्दल बोलत असला तरी त्याला भूक लागलेली असू शकते. दोन्ही असू शकतं. या दोन पीनांमधलं ते एक अक्षर ऐकू येत नाही, आणि त्यांना लिहिता येत नव्हतं. काल मी आनंदात नाचले आणि आज सकाळी परत तिथंच आहे.

तू काहीतरी लिही. शिवी लिही. पण लिही.

मेरोपी


अथेन्स, ९ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. सलूनमध्ये आलं. मी एका बाईचे केस रंगवत होते, पाकीट उघडलं, वाचलं, आणि तिला तसंच बसवून मागच्या खोलीत गेले. बाई लाल व्हायची होती, केशरी झाली. तिला फुकट परत रंगवून दिलं.

शेवटी तू लिहिलंयस की माझा नंबर उघडला आहेस. माझा आणि मिल्तोसचाही, त्यानं तुला दंडवत सांगितलाय. पण मी आज फोन करणार नाही. मला हे तुझ्या हातात कागदावर द्यायचंय, म्हणजे पुन्हा शंका आली की तुला काढून वाचता येईल.

तू काय लिहिलंस ते मीच तुला परत लिहून दाखवते, कारण तू लिहिताना घाबरलेली होतीस, काय लिहितेयस ते तुला दिसलेलं नाही.

तू लिहिलंयस, त्या दुपारी मी आंघोळीला घरी गेले आणि तू बाबांजवळ एकटी होतीस. ते पीना, पीना करत होते आणि तुला सहन झालं नाही. तू दवाखान्याखालच्या डेअरीतून तांदळाची खीर आणलीस, गार, वर दालचिनी, त्यांची जीव की प्राण. दार लावलंस. चमच्याचं टोक त्यांच्या ओठांना लावलंस.

आणि पुढे तुझे शब्द असे आहेत: 'त्यांनी तोंड मिटलं. मी परत लावलं, तर दात आवळून घेतले आणि मान खिडकीकडे वळवली. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आलीये म्हणून माझ्या हातचं नको झालंय. दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि मला वाटलं, ओठांना लागलं तेवढं आत उतरलं असेल. मीच मारलं. जेवणाच्या टेबलावर सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं, म्हणून मी तुझं नाव घेतलं.'

अगं माझे बाई. एवढं पोटात घेऊन तू जर्मनीला गेलीस? दहा महिने?

आधी तापाचं. ताप तू विमानात होतीस तेव्हापासूनच होता. मीच तुला सांगितलं नाही, वाटेत घाबरशील म्हणून. दुसऱ्या दिवशी चढला तो त्याच्या वाटेनं चढला. डॉक्टरना मी काल जाऊन विचारलं, तुझं नाव न घेता. म्हणाले, ओठांना लागलेल्या खिरीनं काही होत नाही, छातीत संसर्ग आधीच झाला होता. तेव्हा ते सोड.

तुझा मला राग आला का, तर आला. भयंकर आला. मी केशरी बाईला विसरून मागच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगाला बुक्क्या मारल्या. आत्या अजून माझ्याकडे येत नाही; तिला तूच फोन करणार आहेस, आणि सगळं सांगणार आहेस, तो भाग मी तुझ्यावर सोडलाय. राग अजून थोडा आहे. तू आलीस की समोरासमोर काढीन, मोठ्यानं, आणि मग आपण जेवू.

पण राग येऊन गेल्यावर मी तुझं पत्र परत वाचलं, आणि त्या एका ओळीवर थांबले. मिल्तोसला हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवली. त्यानं चष्मा काढला.

तुला कळतंय का, तुझ्याकडे काय होतं? मी समुद्रात चार दिवस जे शोधत फिरले, सूर्य पाठीवर घेऊन, आणि तरी जे मला मिळालं नाही, ते सगळा वेळ तुझ्याकडे होतं. त्या खोलीत तू एकटी होतीस, तुझ्याशिवाय कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांची आवडती खीर त्यांच्या ओठांपाशी होती. दार बंद होतं. अडवायला मी नव्हते, डॉक्टर नव्हते.

आणि त्यांनी तोंड मिटलं, ताई.

भुकेला माणूस खिरीपुढे तोंड मिटत नाही. आपले बाबा भुकेले गेले नाहीत. ते तुला शिंपला दाखवत होते.

तुझी,
मेरोपी